सांडशी

"सेल्फ-केटरिंग म्हणजे काय गं?" मी लेकीला विचारलं.

"म्हणजे आपलं आपण करून खायचं."

"ते मी साताऱ्यात रोज करते. त्यासाठी पैसे भरून डोंगरात कशाला जायचं?"

लेक हसली. जावई मान खाली घालून मोबाइलमध्ये बघत राहिला, कारण पैसे त्याने आधीच भरले होते.

तर जून महिन्यात, सोमवार ते शुक्रवार, चार रात्री. इंग्लंडात लेकीच्या घरून, लीड्सहून निघायचं, हॉज गावात थांबून चीजच्या दुकानात उगाच तासभर घालवायचा, तिथून बटरटब्ज नावाचा घाट चढून पलीकडे उतरायचं, की आलं स्वेलडेल. डेल म्हणजे खोरं. हे स्वेल नदीचं खोरं, यॉर्कशायर डेल्सच्या राष्ट्रीय उद्यानात उत्तरेच्या अंगाला. घाटात रस्त्याकडेला चुनखडीच्या दगडात खोल विवरं आहेत. बाजाराला निघालेले शेतकरी वाटेत टेकले की लोणी वितळू नये म्हणून ते या विवरांत सोडून ठेवत, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. इंग्लंडच्या उन्हात लोणी वितळतं, यावर मात्र माझा विश्वास बसेना. मी स्वेटरवर शाल घेऊन बसले होते.

म्यूकर गावाच्या जरा पुढे आमचं ते घर. पोचलो तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती आणि चारच्या आधी आत जायचं नाही असं ईमेलमध्ये लिहिलेलं. दाराशेजारी आकड्यांची छोटी पेटी, पेटीत किल्ली, आकडे जावयाच्या, अमेयच्या, मोबाइलमध्ये, मालकीणबाईंचा आसपास पत्ता नाही. तरी आम्ही पाच माणसं चाळीस मिनिटं गाडीत बसून राहिलो. साताऱ्यात असते तर तेवढ्या वेळात शेजारच्या वहिनींकडे चहा पिऊन आले असते. इथे शेजारी मेंढ्या. काळ्या तोंडाच्या, पांढऱ्या नाकाच्या, शिंगं वळलेल्या, आणि पाठीवर निळ्या-तांबड्या रंगाचे फराटे, ज्याच्या त्याच्या मालकाची खूण. त्या आमच्याकडे टक लावून बघत होत्या. चार कधी वाजतात ते त्यांनाही बघायचं असावं.

दाराच्या वरच्या दगडात १७५६ साल कोरलेलं आणि त्याबरोबर तीन अक्षरं: वर 'ए', खाली 'जे' आणि 'एम'. वरचं आडनावाचं, खालचं डावीकडचं नवऱ्याचं, उजवीकडचं बायकोचं. उत्तर इंग्लंडातल्या जुन्या घरांवर अशी अक्षरं कोरायची रीत होती म्हणे. आडनाव बहुधा अल्डरसन, कारण या खोऱ्यात पूर्वी इतके अल्डरसन होते की माणसं टोपणनावानेच ओळखावी लागत. मी त्या 'एम'कडे बराच वेळ बघत राहिले. आमच्या साताऱ्याच्या बंगल्यावर यांचं नाव आहे, त्याखाली 'निवृत्त अभियंता, सार्वजनिक बांधकाम विभाग' आहे, त्याखाली 'कुत्र्यापासून सावध राहा' आहे. कुत्रा २००९ साली गेला. माझं अक्षर कुठेच नाही. एमबाईंबद्दल मला दारातच आपुलकी वाटली.

आत शिरताना यांचं कपाळ तुळईला लागलं. हे पहिल्यांदा.

बाकी सगळे खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराकडे धावले आणि मी मीठ शोधायला लागले. परक्या स्वयंपाकघरात मला त्याशिवाय चैन पडत नाही. पहिल्या खणात निघाले आठ एग-कप. उकडलेलं अंडं उभं ठेवायला. दुसऱ्यात लिंबाची साल किसायचं एक, चीज किसायच्या दोन किसण्या आणि बाटलीचं बूच काढायची तीन यंत्रं. कपाटात बारा वाइन ग्लास, टोस्ट उभे करायचा तारेचा स्टँड, ग्रेव्ही वाढायचं चोचीचं भांडं, किटलीला घालायचा लोकरीचा टोपरा. सुऱ्या पाच, पाचही बोथट. टोमॅटोवर ठेवली तर टोमॅटो नुसता दबला. लाटणं नाही, झारा नाही, कुकरचा तर प्रश्नच नाही. आणि सांडशी नाही. अर्ध्या जगावर राज्य केलेली माणसं गरम पातेलं उतरवायला रजईचे हातमोजे घालतात, हे काही माझ्या पचनी पडत नाही.

"आई, त्यांच्या पातेल्यांना दांडे असतात," लेक म्हणाली.

असेनात. सांडशी मी आणली होती. साताऱ्याहून, साडीच्या घडीत, मिसळणाच्या डब्याशेजारी. लाटणं काही आणलं नव्हतं, त्यामुळे पोळ्या वाइनच्या बाटलीने लाटल्या. त्यासाठी बाटली आधी रिकामी करावी लागली. ते काम अमेयने कुरकुर न करता केलं.

ओट्यावर मालकीणबाईंनी आमच्यासाठी पाव, सहा अंडी, वेन्सलीडेल चीजचा तुकडा आणि सुक्या मेव्याचा केक ठेवला होता. केकबरोबर चीज खायचं, ही यॉर्कशायरची पद्धत. यांनी तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, पुरणपोळीबरोबर कटाची आमटी ओरपणाऱ्याने बोलू नये. रात्री दहाला, अजून बाहेर उजेड होता, तेव्हा हे एकटेच टेबलाशी बसून केकवर चीज ठेवून खाताना सापडले.

टेबलावर एक जाडजूड फाइल होती, प्रत्येक पान प्लास्टिकमध्ये. घरात मोबाइलला रेंज नाही. पाणी वरच्या झऱ्याचं आहे, गाळून आणि जंतू मारणाऱ्या अतिनील दिव्याखालून जाऊन येतं, निर्धास्त प्या. सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जातं, तेव्हा संडासात भलतंसलतं टाकू नका. हे शेवटचं वाचून यांचा चेहरा असा काही उजळला! इंग्लंडात उतरल्यापासून पहिल्यांदा ओळखीचं काही भेटलं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी सेप्टिक टँकचे कप्पे कागदावर काढून जावयाला समजावले. जावयाने दोन शंकाही विचारल्या. मुलगा चांगला आहे.

पहिल्या रात्री साधा वरणभात करायचा म्हणून मी फोडणीचं तेल तापवलं. मोहरी तडतडली, हिंग टाकला, दोन सुक्या मिरच्या टाकल्या, आणि डोक्यावरून किंकाळी आली. छताला पांढरी बशी चिकटवल्यासारखं जे होतं, तो धुराचा अलार्म. नातीने, सईने, कानांवर हात घेतले. हे "काय झालं, काय झालं" करत धावले आणि तुळईला धडकले. दुसऱ्यांदा. मी बटण बंद केलं, पण ती काचेची विजेची शेगडी. बंद केली तरी तापलेलीच राहते. त्यामुळे मोहरी निवांत करपत राहिली, मिरच्या काळ्या पडल्या, अलार्म रडत राहिला. शेवटी सांडशीने कढलं उचलून दारात नेऊन ठेवलं. अमेय खुर्चीवर चढून मेंढ्यांची चित्रं असलेला टॉवेल अलार्मखाली फडकवत होता आणि खऱ्या मेंढ्या भिंतीपलीकडून त्याच्याकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून शिस्त लावली. फोडणीच्या वेळी दार सताड उघडं, दोन्ही खिडक्या उघड्या, आणि सई टॉवेल घेऊन अलार्मखाली उभी. नऊ वर्षांची पोर, पण पुढच्या तीन दिवसांत तिने एकदाही गाफीलपणा केला नाही. "आजी, मोहरी टाकायच्या आधी सांग हं."

दारं-खिडक्या उघडल्यावर घर गार पडायचं. मग लाकडं जाळायची शेगडी पेटवणं आलं. काचेच्या दाराची, काळ्या लोखंडाची. ती पेटवायच्या सात पायऱ्या फाइलमध्ये लिहिल्या होत्या; लेक वाचत होती, अमेय करत होता, धूर खोलीत येत होता. मी त्याला बाजूला केलं. आजोळी दहा वर्षांची असल्यापासून चूल पेटवली आहे मी. बारीक काड्या खाली, हवेची खिट्टी पूर्ण बाहेर, आणि मोठं लाकूड घालायची घाई करायची नाही. फुंकणी असती तर बहार आली असती. जुन्या चुलाण्याच्या भिंतीत एक लोखंडी आकडा अजून शिल्लक आहे. त्याला साखळीने भांडं टांगत. म्हणजे एमबाईंनाही सांडशी लागत नव्हती. माझा मुद्दा इथे जरा लंगडा पडला, पण मी तो कुणाच्या लक्षात आणून दिला नाही.

बुधवारी म्यूकरची गवताची कुरणं बघितली. पायवाट फरशीची आणि एका माणसापुरती; एकामागे एक चाला, अशी विनंती फाटकावर. कारण हे गवत म्हणजे जनावरांची हिवाळ्याची बेगमी, कापणी व्हायची आहे, तुडवायचं नाही. पण गवत म्हणावं तर त्यात गवतापेक्षा फुलंच जास्त: पिवळी, जांभळी, पांढरी. एक पिवळं फूल आहे, त्याची बोंडं वाळली की बिया आत खुळखुळतात. नावही तसंच, यलो रॅटल. आपल्याकडचा खुळखुळाच की, म्हणून मी खूश झाले. तर हे महाशय मुळांवाटे गवताचं अन्न चोरतात. गवत खुरटतं आणि बाकीच्या फुलांना जागा मिळते. कासच्या पठारावर आम्ही तिकीट काढून फुलं बघितली होती, ती कुंपणापलीकडून. इथे वाट फुलांच्या मधूनच जाते.

ती पुढे एका शेतकऱ्याच्या अंगणातूनही जाते. अशा वाटांवरून चालायचा कुणालाही कायद्याने हक्क आहे, हे अमेयने दोनदा सांगितलं, तरी मला लोकांच्या अंगणातून जाताना घुसखोरासारखं वाटत होतं. शेतकरी समोर आला आणि म्हणाला, "नाऊ देन." मी मनात म्हटलं, घ्या, आता जाब विचारणार. पण यॉर्कशायरमध्ये ते 'काय, बरंय ना?'च्या जागी म्हणतात. एवढं म्हणून तो गेलाही.

हे मागे राहिले होते. दगडी भिंतीशी. या भिंती सगळ्या डोंगरांवर चढलेल्या आहेत, माती नाही, चुना नाही, नुसते दगड रचलेले. दोन्ही बाजूंच्या रांगा वर जाताना एकमेकींकडे कललेल्या, मधल्या पोकळीत बारीक दगडांची भर, आणि ठरावीक उंचीवर आरपार जाणारे लांब दगड, दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारे. "अगं हा तर गडगा," हे म्हणाले. यांचं मूळ गाव राजापूरकडे. बालपणी पाहिलेला चिऱ्याचा गडगा त्यांना साठ वर्षांनी यॉर्कशायरमध्ये भेटला. त्यांनी भिंतीवर तळहात ठेवून दाबून बघितलं. खात्याच्या कामांची तपासणीही ते अशीच करत असावेत.

रात्री शेगडीपुढे अमेय सांगत होता, या खोऱ्यात पूर्वी शिशाच्या खाणी होत्या. माणसं खाणीत राबायची आणि घरी गाय-मेंढ्या पाळायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बाहेरून स्वस्त शिसं यायला लागलं, खाणी बसल्या, आणि माणसं उठून लँकेशायरच्या कापड गिरण्यांत, डरहॅमच्या कोळशाच्या खाणींत, थेट अमेरिकेतही गेली. घरं मागे राहिली. हे काही बोलले नाहीत. गिरण्यांत गेलेली माणसं आणि कुलूप लावलेली घरं, हे त्यांना कुणी सांगायला नको. राजापूरचं आमचं घर गणपतीला पाच दिवस उघडतं. इकडे आता बाहेरच्या लोकांनी घरं घेतली आणि गावातल्या पोरांना भाव परवडेनासे झाले. तिथल्या कौन्सिलने २०२५ च्या एप्रिलपासून सुट्टीपुरत्या उघडणाऱ्या दुसऱ्या घरांवरचा कर दुप्पट केला आहे. "म्हणजे आपणही त्यातलेच," लेक म्हणाली. अमेय म्हणाला, भाड्याने द्यायच्या घरांचे नियम वेगळे असतात. लेक म्हणाली, मी नियमांचं बोलत नव्हते. मग विषय जिगसॉकडे वळला. हजार तुकड्यांचा होता, एक तुकडा नव्हता.

शुक्रवारी दहाला घर सोडायचं. साफसफाईला बाई येणार होत्या, म्हणून मी सहाला उठून ओटा, शेगडी, न्हाणीघर सगळं लख्ख केलं. बाई यायच्या आधी घर आवरून ठेवायचं, ही खोड काही जात नाही. हिंगाचा वास जाईना. लिंबाची सालं उकळली, खिडक्या उघडल्या; मग घराला हिंग घातलेल्या लिंबाचा वास यायला लागला. पाहुण्यांच्या वहीत आधीच्या लोकांनी पावसाचं, कुत्र्यांचं, शांततेचं लिहिलं होतं. यांनी लिहिलं: घर उत्तम, मागच्या बाजूची पन्हाळ साफ करून घ्यावी. बाहेर पडताना तुळईला सलाम केला. पाचव्यांदा.

सगळे गाडीत बसल्यावर मी परत आत गेले आणि पहिल्या खणात, एग-कपांशेजारी, सांडशी ठेवली. मुद्दाम. कुणाला सांगितलं नाही. गाडी घाट चढेपर्यंत मला फार उदार वाटत होतं.

सहाव्या दिवशी लीड्सच्या घरी जाड पाकीट आलं. आत पातळ कागदात गुंडाळलेली सांडशी आणि मालकीणबाईंच्या अक्षरात चिठ्ठी: तुमचं हे राहिलं, महत्त्वाचं असावं. पाकिटावरच्या तिकिटांच्या पैशांत साताऱ्याच्या मोती चौकात चार सांडश्या आल्या असत्या.

ती आता परत साताऱ्यात आहे. टोकांना थोडी काजळी लागली आहे. काचेच्या शेगडीवर काही काजळी लागत नाही, आणि लाकडाच्या शेगडीत मी ती एकदाही घातली नव्हती.