बदक कोण उडवत होतं?

रविवारी रात्री साडेदहाला मी बेडरूममधलं कपाट सताड उघडते, साड्यांसमोर खुर्ची ओढते आणि माईक आत ढकलून बसते. साड्या आवाज गिळतात. आईच्या इरकली सगळ्यात छान गिळतात, जॉर्जेट काही कामाची नाही. सागर नेदरलँड्सला, त्याचे तेव्हा संध्याकाळचे सात. मंड्या मिरजेत, गच्चीवरच्या खोलीत. तिथं दर थोड्या वेळानं गाडीचा भोंगा ऐकू येतो. जंक्शनच्या गावात राहणाऱ्या माणसाला पॉडकास्ट करायची हौस असली की असं होतं.

पॉडकास्ट तिघांचा. विषय एकच, आपल्या लहानपणीचं येडेपण. शक्तिमान झाला, कॅप्टन व्योम झाला, डेंजरस डेव्ह झाला. इंद्रजाल कॉमिक्सवर तर दोन भाग झाले, कारण वेताळाच्या कवटीच्या अंगठीची खूण नक्की कुठल्या हाताच्या ठोशाने उमटते यावर हे दोघं पंचवीस मिनिटं भांडले. (उजव्या. डावा हात शुभचिन्हाचा.) इंद्रजाल १९९० साली बंद पडलं तेव्हा आम्ही पाच-पाच वर्षांचे. आमचा वेताळ रद्दीवाल्याकडून आलेला, आणि बहुतेक अंकांची शेवटची पानं गायब. त्यामुळे गोष्टीचा शेवट काय झाला यावर तिघांची तीन मतं. श्रोते किती ते विचारू नका. आत्यानं दोन फोनवर लावला तर आमचा आलेख वर जातो.

एडिटिंग माझ्याकडे. ‘तुला चांगलं जमतं’ असं म्हणून दोघांनी ते माझ्या गळ्यात मारलं. हे वाक्य मी १९९६ पासून ऐकतेय. तेव्हा व्हिडिओ गेम खेळताना ते ‘तुला दुसरा रिमोट चांगला जमतो’ असं होतं.

तर गेल्या वेळचा विषय व्हिडिओ गेम. मंड्याच्या घरी होता. निन्टेन्डो कंपनीनं जपानमध्ये फॅमिकॉम हा टीव्हीला जोडून खेळायचा डबा काढला १९८३ साली. मंड्याकडे होती ती त्याचीच कुठली तरी नक्कल, त्याच्या पप्पांनी कोल्हापूरहून आणलेली. अँटेनाची वायर काढायची, गेमची खोचायची, मग टीव्हीची झाकणी उघडून बारीक चाक फिरवत बसायचं. मुंग्यांतून चित्र वर आलं की खोलीत एकच कल्ला. आम्ही जॉयस्टिकला रिमोटच म्हणायचो आणि कार्ट्रिजला कॅसेट. कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असं छापलेलं, आत मोजून सात-आठ गेम. तेच तेच पुन्हा वेगळ्या नावानं, फार तर तिसऱ्या लेव्हलपासून सुरू. सागरनं एका सुट्टीत वहीत नोंद करत एकशे चाळीस नंबरपर्यंत तपासलं होतं. तो पुढे इंजिनिअर झाला यात नवल नाही.

कॅसेट चालली नाही की फुंकायची, हे तर सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक. सागरनं रेकॉर्डिंगमध्ये त्याची हवा काढली. फुंकरीनं काही होत नाही, कॅसेट काढून परत बसवली की पिना नीट टेकतात, काम त्यानं होतं. उलट तोंडातल्या ओलाव्यानं पिना गंजतात. मंड्या म्हणाला, “लगा, मग आम्ही एवढी वर्षं फुंकलं ते?” सागर म्हणाला, “गंज चढवला.”

मग काँट्रा, हा गोळीबाराचा गेम. सुरुवातीलाच रिमोटची बटणं अशी दाबायची: वर वर, खाली खाली, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, बी, ए. की तीस लाइफ मिळायच्या. हे तिघांनी एका सुरात म्हटलं, आरती म्हणावी तसं, आणि तीन ट्रॅक इतके बरोबर जुळले की मला काही सरकवावंच लागलं नाही. ही युक्ती काझुहिसा हाशिमोतो या माणसानं १९८६ साली ग्रॅडियस नावाच्या गेमसाठी घातली होती. तपासताना त्याला स्वतःला तो गेम इतका अवघड जात होता, म्हणून. २०२० साली तो गेला. हे मी सांगितल्यावर मंड्या खरोखर हळहळला. “आपल्याच गल्लीतला वाटायचा गं तो,” म्हणाला. नाव त्यानं त्याच मिनिटाला ऐकलं होतं.

पण काँट्रातली माझी तक्रार वेगळी आहे आणि ती मी रेकॉर्डवर आणली. धबधब्याची लेव्हल. तिथं पडदा वर वर सरकतो आणि खाली राहील तो मरतो. मंड्या माकडासारखा चढायचा, थांबायचा नाही. मी खाली. माझ्या तीस लाइफपैकी वीस तरी मंड्यानं खाल्ल्या असतील. “तू हळू होतीस,” म्हणाला. चाळिशीतसुद्धा हेच.

आणि मग बदकं. डक हंट.

या गेमला बंदूक होती. काळी, लाल घोड्याची. मंड्याचा दावा असा की तो ट्यूबलाइटवर नेम धरायचा आणि बदकं पटापट पडायची. सागरनं त्याला मध्येच तोडलं. बंदुकीतून काही बाहेर जात नाही रे, टीव्हीतून बंदुकीत येतं. घोडा दाबला की क्षणभर सगळा पडदा काळा होतो, मग जिथं बदक आहे तिथं पांढरा चौकोन उमटतो. काळ्यानंतर बंदुकीला पांढरं दिसलं तर बदक पडलं. दोन बदकं असली तर चौकोन एकामागून एक येतात, म्हणजे कुठलं लागलं ते कळतं. ट्यूबलाइटवर धरलीस तर काळ्या पडद्याच्या वेळीसुद्धा उजेडच दिसणार, म्हणजे लबाडी पकडली. “तुला ट्यूबलाइटवर एकही पडलं नसणार. गप लगा.”

मला मात्र टीव्हीवर नेम धरूनही पडायचं नाही. ती अख्खी सुट्टी मी गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून, जीभ बाहेर काढून गोळ्या झाडल्या. एका बदकाला तीन गोळ्या. दहात एखादं पडायचं. बाकी वेळ गवतातून ते कुत्रं वर यायचं आणि तोंडावर पंजा धरून हसायचं. मंड्या मागं गादीवर लोळत, रिमोट पोटावर ठेवून मला शिकवायचा. “डावीकडे गं! आता वर! हां, गेलं.” त्याच्या पाळीत मी पाणी आणायला जायची, आणि परत येईपर्यंत याची दहापैकी नऊ. पुढे कॉलेजात एनसीसीसाठी विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले. जत्रेत फुगे फोडायला कधी उभी राहिले नाही. बंदूक आपल्याला जमत नाही, हे दहाव्या वर्षीच ठरलेलं होतं ना.

भागाच्या तयारीत वाचताना मला एक गोष्ट सापडली होती, ती मी सहज टाकली. म्हटलं, गंमत माहितीये का, एक बदक असलेल्या गेममध्ये, म्हणजे ‘ए’ निवडला तर, जोडलेल्या रिमोटनं बदक हवं तिकडं वळवता येतं.

सागर म्हणाला, “काय सांगतेस!”

मंड्या काहीच बोलला नाही.

एडिटिंगला बसल्यावर मी ते पाहिलं. माझा ट्रॅक, सागरचा ट्रॅक, दोन्हीवर आवाजाच्या लाटा. मंड्याच्या ट्रॅकवर सरळ रेघ. साडेचार सेकंद. इतका वेळ हा माणूस झोपेतसुद्धा गप्प नसतो. रेघेच्या शेवटी लांबून मिरजेचा भोंगा, आणि मग त्याचा बारीक आवाज: “अगं, ते तुला माहीत नव्हतं व्हय?”

पुढची सहा मिनिटं मी कापून टाकलीत. आत्या ऐकते.

आता फेरसामना ठरलाय. अडचण अशी की ही बंदूक आजच्या सपाट टीव्हीवर चालत नाही. चित्र जरासं उशिरा उमटतं आणि तेवढ्यात हिशेब चुकतो. म्हणजे जुना डबा टीव्ही हवा. मंड्यानं जुन्या बाजारात दोन पाहिले, दोन्हीत नुसत्या मुंग्या. शेवटी सागरच्या आईकडे निघाला, एकवीस इंची, चालू. मी फोन केला तर मावशी म्हणाल्या, “ने की बाई, पण त्याच्यावर गणपती बसवलाय, त्याची आधी सोय करा.” म्हणून येत्या शनिवारी मंड्या सुताराकडे माप घेऊन जाणार आहे. पाट तो स्वतःच्या पैशानं करतोय, मी विचारलंसुद्धा नव्हतं. सामन्याच्या दिवशी रिमोट मात्र मावशींच्या हातात राहील, हे लेखी घेतलंय.