आमची वाटचाल : चाळीस आऱ्यांच्या चाकापासून

बाबांनी तीस वर्षं सायकलवरून दूध घातलं. पहाटे साडेचारला दोन्ही बाजूंना कॅन अडकवून गावातून निघायचं, पंचगंगेचा पूल ओलांडून कोल्हापुरात शिरायचं आणि नऊच्या आत घरी परतायचं. 2016 च्या पावसाळ्यात त्यांचा उजवा गुडघा धरला. डॉक्टर म्हणाले, सायकल सोडू नका, पण चढाला जोर लावू नका. स्कूटर घेऊन देतो म्हटलं, तर बाबा तयार होईनात. "या वयात गाडी शिकायची नाही," एवढंच म्हणाले. मी तेव्हा शिवाजी उद्यमनगरात एका मशीन शॉपमध्ये लेथवर होतो. साध्या सायकलला विजेची मोटर बसवून देण्याचा आमचा धंदा सुरू झाला तो घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, बाबांची सायकल उलटी करून.

आधी गवत कापायच्या यंत्राचं टू-स्ट्रोक इंजिन बसवून बघितलं, टायरला घासणारा रोलर लावून. पावसात रोलर घसरायचा आणि हादऱ्यानं महिन्याभरात कॅरिअरचं वेल्डिंग उकललं. 1972 साली आलेली लुना पहिल्यापासून इंजिनसाठीच घडवलेली होती. साध्या सायकलच्या फ्रेमवर इंजिन चढवणं निराळं. तो नाद सोडला आणि चाकाच्या मधोमध बसणारी 36 व्होल्टची, 250 वॅटची हब मोटर मागवली.

मोटर आली आणि पहिल्याच दिवशी अडलं. आपल्या काळ्या दणकट सायकलला पुढच्या चाकात 32 आरे असतात आणि मागच्या चाकात 40. मोटरला भोकं 36. चार भोकं रिकामी सोडून चाक विणून बघितलं, पण आऱ्यांचा ताण सारखा येईना. कितीही आउट काढली, म्हणजे आरे आवळून-सैल करून चाक सरळ केलं, तरी दुधाचा भार पडला की चाक पुन्हा वाकडं. शेवटी 36 भोकांची रिम शोधली. मोटरचा हब मोठा असल्यानं आरे आखूड लागतात, ते लेथवर बसून कापले आणि त्यांना नव्यानं आटे पाडले. त्या चाकाला तीन रात्री गेल्या. आज आमच्याकडं काम शिकायला येणाऱ्या पोराला मी आधी चाक विणायलाच बसवतो. वायरिंग नंतर.

पुढचा धडा पुलाच्या चढावर मिळाला. मोटर चाकाला पुढं ढकलते, तेव्हा तिचा एक्सल तेवढ्याच जोरानं उलटा फिरू बघतो. त्याला धरून ठेवते ती फक्त फ्रेमची खाच आणि एक्सलच्या दोन सपाट बाजू. आमची खाच जुनी, झिजलेली. एक्सल फिरला, आत जाणाऱ्या तारा पिळवटून तुटल्या आणि बाबा भर रहदारीत कॅनसकट थांबले. त्यांना काही झालं नाही, पण ती चूक माझी होती. दुसऱ्या दिवशी 6 एमएमच्या पट्टीतून एक्सलला घट्ट धरणारा हात कापला आणि त्याचं दुसरं टोक फ्रेमच्या नळीला आवळलं. तेव्हापासून हा हात बसवल्याशिवाय एकही सायकल शेडबाहेर गेलेली नाही. गिऱ्हाईक म्हणो, सपाट रस्ता आहे, कशाला खर्च.

बॅटरीतही पैसे घालवले. आधी 12 व्होल्टच्या तीन शिशाच्या बॅटऱ्या. त्यांच्या दहा-बारा किलो वजनानं सायकल मागं ओढायची. मग जुन्या लॅपटॉपमधले सेल दहा गट करून जोडले. दहाच्या दहा गट भरल्यावर 42 व्होल्ट दाखवायचे, पण चढाला एकच गट आधी बसायचा आणि बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, सगळ्या बॅटरीचा पुरवठा तोडायचा. बाकीचे नऊ गट चांगले असून उपयोग शून्य. आता एका बॅचचे नवे सेल घेतो, प्रत्येकाची क्षमता मोजतो, मगच वेल्ड करतो. 36 व्होल्ट, 10 अँपिअर-तासाच्या बॅटरीवर पायडल मारत तीसेक किलोमीटर होतात. दूध घालणाऱ्याला तेवढं पुरतं.

आमचं खरं काम सुरू होतं ते मोटर फिरायला लागल्यावर. किट बसवून देणारे पुष्कळ आहेत, पण सायकल त्या माणसाच्या पायाला लावून देणारे थोडे. पायडलजवळच्या चकतीत आठ चुंबकं असली, तर पायडल फिरतंय हे ओळखून मोटर सुरू करणाऱ्या सेन्सरला हालचाल उशिरा कळते. गुडघा दुखणाऱ्याला तो पहिला अर्धा फेराच जड जातो. म्हणून आम्ही बारा चुंबकांची चकती लावतो आणि सेन्सर दोन-तीन मिलिमीटरवर आणतो. सुरुवातीचा करंट कमी ठेवतो, नाहीतर भरलेल्या कॅनसकट सायकल झटका देते. ब्रेक लावताच मोटर बंद झाली पाहिजे. पण जुन्या सायकलला रॉडचे ब्रेक, त्याला तयार स्विच मिळत नाही. आम्ही मोटरसायकलच्या मागच्या ब्रेकलाइटचा स्प्रिंगवाला स्विच रॉडला अडकवला. रॉड बोटभर उचलला की मोटर बंद. साधी गोष्ट आहे, पण बाबांनी पहिल्यांदा ब्रेक दाबून माझ्याकडं बघितलं, ते मी विसरणार नाही.

मोटर 250 वॅटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत, ही नियमाची चौकट आम्ही पाळतो. वेग वाढवून द्या म्हणणारी तरुण पोरं येतात, त्यांना नाही म्हणतो. त्या सायकलचे ब्रेक आणि रिम त्या वेगासाठी केलेलेच नाहीत.

2021 च्या जुलैत पुराचं पाणी शेडमध्ये शिरलं. बॅटऱ्या माळ्यावर टाकल्या होत्या, पण मोटर लावलेली चार चाकं खाली राहिली. उघडल्यावर दिसलं, पाणी तारेच्या कडेकडेनं एक्सलमधून आत गेलं होतं. तेव्हापासून तार मोटरमध्ये शिरण्याआधी तिला खाली झोळ देतो, म्हणजे पावसाचं पाणी वळणावरच निथळून पडतं.

प्रत्येक सायकल देण्याआधी वाघबीळहून पन्हाळ्याच्या चढाला नेतो, अर्ध्यात थांबतो आणि मोटरवर तळहात ठेवतो. हात टेकवून ठेवता आला तर सायकल घरी जाते, नाहीतर परत शेडमध्ये.

सध्या भाजी विकणाऱ्या एका मावशींची तीनचाकी घेतली आहे. भरल्यावर दीडशे किलो होते. मोटर पुढच्या चाकात बसली, ओढतेही छान, पण उतारावर मागच्या दोन चाकांचे ब्रेक सारखे लागत नाहीत. मावशी रोज सकाळी येऊन विचारतात. ब्रेक होईपर्यंत गाडी द्यायची नाही, हे त्यांना सांगितलं आहे.