जुन्या बाजारातला बिडाचा तवा

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मी शक्यतो बुधवार धरते. रविवारच्या गर्दीत वस्तू हातात घेऊन नीट बघायचीही सोय नसते, मग घासाघीस कसली करणार?

माझा तिथला खरा जीव बिडाच्या भांड्यांवर. तव्यावर गंज दिसला म्हणून मागे फिरू नका. गंज घासून निघतो, पण पडलेला तडा निघत नाही. तवा एका हाताने अधांतरी धरायचा आणि टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द आवाज आला तर मुकाट्याने परत ठेवायचा. घरी आणून तारेच्या घासणीने घासायचा, गॅसवर कोरडा करायचा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवायचा. असं तीन-चारदा केलं की धिरडी सुटायला लागतात.

पितळेसाठी पर्समध्ये लहानसा लोहचुंबक ठेवते. चिकटला की समजायचं, आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. पातेलं स्वयंपाकाला हवं असेल तर कल्हईचा खर्च किमतीत आधीच धरा. जुना कुकर आणि मिक्सर यांच्या मात्र मी वाटेला जात नाही, कितीही स्वस्त असोत.

पहिला आकडा विक्रेत्यालाच बोलू द्यावा. आमच्या सासूबाई तर आवडलेल्या वस्तूकडे ढुंकूनही बघत नाहीत, शेजारच्या अडकित्त्याचा भाव विचारत बसतात.