बारा हजेऱ्या

सप्टेंबर 2020 मध्ये ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या छोट्या कारखान्यात रोजंदारीवरचा एक मदतनीस ताप अंगावर काढत तीन दिवस कामावर येत राहिला. चौथ्या दिवशी त्याचा करोनाचा अहवाल पॉझिटिव्ह आला, तेव्हा सगळे त्याच्यावर तुटून पडले आणि हजेरीपुस्तक सांभाळणारा मीही त्यात होतो. त्या वेळच्या नियमांनुसार सौम्य लक्षणांच्या रुग्णाने लक्षणे दिसल्यापासून 10 दिवस आणि त्यानंतर आणखी 7 दिवस घरातच राहायचे होते. पण त्या दिवसांत किसननगरच्या एका खोलीतल्या पाच माणसांनी काय खायचे, हे कोणत्याच नियमात नव्हते.

वास्तविक त्याच्या मजुरीतून ईएसआयसाठी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेसाठी, दर महिन्याला 0.75 टक्के रक्कम कापली जात होती. या योजनेत, ठरलेल्या सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी भरलेली असली की आजारपणात सरासरी मजुरीच्या 70 टक्के रक्कम वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळते. हे त्याला माहीत नव्हते, आणि मला माहीत असूनही मी ताप येण्याआधी कधी सांगितले नव्हते. पुढे कागद आमच्याच कार्यालयात अडकले आणि पैसे हाती पडले ते दिवाळी उलटून गेल्यावर. भविष्यनिर्वाह निधीतून तीन महिन्यांच्या मूळ वेतन व महागाई भत्त्याइतकी किंवा शिलकीच्या 75 टक्के, यांपैकी जी कमी असेल ती रक्कम काढण्याची मुभा मार्चमध्येच मिळाली होती खरी. पण आपल्याच गल्ल्यातल्या पैशांना मदत म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

त्याच महिन्यात, 28 सप्टेंबरपासून, इंग्लंडमध्ये विलगीकरणाचा आदेश मिळालेल्या आणि घरून काम करणे शक्य नसलेल्या अल्प उत्पन्न गटातील लोकांसाठी 500 पौंडांची मदत सुरू झाली. आपल्याकडे एप्रिल 2021 मध्ये राज्य सरकारने नोंदणीकृत बांधकाम मजूर, परवानाधारक रिक्षाचालक अशांना 1,500 रुपये जाहीर केले, ते निर्बंधांमुळे बुडालेल्या रोजगारापोटी. दुसऱ्याच्या परवान्यावर पाळीने रिक्षा चालवणाऱ्याला त्यातले काय मिळणार होते?

विलगीकरण म्हणजे इतरांसाठी केलेले कामच, आणि त्याची मजुरी त्याच आठवड्यात हाती यायला हवी होती, असे मला आता वाटते. त्या सप्टेंबरच्या हजेरीपुस्तकात, रविवार वगळून, त्याच्या नावापुढे बारा फुल्या आहेत, माझ्याच हातच्या.