तुम्ही विचारलेत म्हणून: ही रेषा पांढऱ्या शाईची आहे का?

माझी चित्रे पाहणारे बहुतेक जण हाच प्रश्न विचारतात, आणि तो स्वाभाविक आहे. काळ्याभोर पृष्ठभागावर घुबडाचे पीस न् पीस पांढऱ्या रेषेत उमटलेले दिसले, की ती रेषा वरून ओढलेली असावी असेच वाटते. प्रत्यक्षात मी पांढरा रंग वापरतच नाही. स्क्रॅचबोर्डच्या फळीवर केओलिनचा, म्हणजे चिनी मातीचा, गुळगुळीत पांढरा थर असतो आणि त्यावर काळ्या शाईचा पातळ लेप. धारदार टोकाने शाई खरवडली की खालची माती उघडी पडते. शाळेत मेणखडूच्या रंगांवर काळा रंग फासून कर्कटकाच्या टोकाने चित्र कोरल्याचे ज्यांना आठवते, त्यांच्या हाताला ही क्रिया ओळखीची आहे.

अवघड असते ते उलटा विचार करणे. पेन्सिलीने आपण सावली भरतो. इथे सावली आधीपासूनच असते आणि उजेड कुठे पडला आहे तेवढेच काढायचे असते. करडा रंग तर नसतोच. तो भासवण्यासाठी पिसांच्या वळणाने हजारो बारीक ओरखडे कुठे दाट, कुठे विरळ ओढावे लागतात. मग त्यांवर पाणी घातलेल्या शाईचा हलका हात फिरवायचा आणि त्यातले उजळ भाग पुन्हा खरवडायचे. घुबडाच्या छातीवर मी असे तीन थर दिले. चूक झाली तर शाई लावून तेवढी जागा पुन्हा काळी करता येते, पण टोक मातीच्याही खाली गेले तर इलाज नसतो. तिथे पांढरा रंग लावून दुरुस्ती करणे मला पटत नाही, कारण मातीचा पांढरेपणा आणि रंगाचा पांढरेपणा शेजारी आले की डोळ्यांना वेगळे दिसतात.

काळ्यातून पांढरी रेषा काढण्याची ही दृष्टी लाकडी ठशांकडून आली. इंग्लंडच्या थॉमस ब्युइकने 1790 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्राण्यांच्या ग्रंथासाठी बॉक्सवुडच्या आडव्या छेदावर अशाच रेषा कोरल्या होत्या. एकोणिसाव्या शतकात ब्रिटन आणि फ्रान्समध्ये स्क्रॅचबोर्ड पुढे आला, तो छपाईच्या गरजेतून: तशीच स्वच्छ काळी-पांढरी रेषा लाकूड न कोरता मिळत होती.

घुबडाच्या बुबुळातला चमकता ठिपका मी अगदी शेवटी, सुईने, एकदाच टोचून काढला.