सोलमधली रात्र, वॉशिंग्टनमधला दिवस

हिवाळ्यात सोल वॉशिंग्टनच्या 14 तास पुढे असतं. त्यामुळे आमच्या अभ्याससंस्थेच्या पूर्व आशिया विभागातल्या इंटर्नची सकाळ म्हणजे तिकडचा संपलेला दिवस गोळा करायचा: बातम्या चाळायच्या, त्यांचं छोटं टिपण करायचं आणि नऊच्या आत सगळ्यांना मेल धाडायचं. 3 डिसेंबर 2024 चं टिपण तयार होतं. बजेटवरून सरकार आणि विरोधकांत चाललेली ओढाताण मी पार खाली, चौथ्या क्रमांकावर टाकली होती. साडेआठ वाजत आले होते, सोलमध्ये रात्रीचे साडेदहा. तेवढ्यात योनहाप या दक्षिण कोरियाच्या वृत्तसंस्थेचा अलर्ट आला: राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांनी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, पुकारला.

शेजारच्या इंटर्नला वाटलं, वृत्तसंस्थेचं खातं कुणीतरी हॅक केलंय. पटण्यासारखं नव्हतंच. याआधीचा मार्शल लॉ 1979 चा, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या हत्येनंतरचा. पुढच्या वर्षी तो देशभर लागू झाला आणि ग्वांगजू शहरात आंदोलकांचं रक्त सांडलं. आणि आता याच यून यांच्या सरकारने 2024 च्याच मार्चमध्ये सोलला लोकशाही शिखर परिषद भरवली होती! तिची नावाची पाटी अजून आमच्या कपाटावर पडलेली होती.

मग फोन सुरू झाले. पत्रकारांचे प्रश्न साधारण तेच: उत्तर कोरियाने काही केलंय का? तिथल्या 28,500 अमेरिकन सैनिकांचं काय? पुढे काय होणार? विभागप्रमुख बाई फोन खाली ठेवून माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, "अंदाज सांगायला इथे मजला भरून माणसं आहेत. तू मला घटनाक्रम दे, आणि त्यांच्या राज्यघटनेतलं कलम 77 काढून ठेव."

घटनाक्रमाची शीट साधी होती: सोलची वेळ, इथली वेळ, काय घडलं, कुणी सांगितलं, दुजोरा आहे का. शेवटचा रकाना सगळ्यांत जास्त वेळ रिकामा राहायचा. चिलखती गाड्यांचे फोटो धडाधड फिरत होते. कधीचे, कुठले, काही पत्ता नाही. ते शीटमध्ये आलेच नाहीत.

कलम 77 मात्र मी ओळ न् ओळ वाचलं. मार्शल लॉखाली कशाकशाबाबत विशेष उपाय करता येतात, याची त्यात यादी आहे: वॉरंट, भाषण, छपाई, सभा, संघटना, सरकार आणि न्यायालयांचे अधिकार. संसद त्या यादीत नाही. उलट एकूण सदस्यांच्या बहुमताने संसदेने मागणी केली, तर राष्ट्राध्यक्षांनी मार्शल लॉ उठवलाच पाहिजे, असं पाचव्या पोटकलमात स्पष्ट म्हटलंय. आणि लष्करी कमांडच्या पहिल्या फर्मानाची सुरुवातच संसदेच्या कामकाजावर बंदीने होती. (त्याच फर्मानात संपावरच्या निवासी डॉक्टरांना 48 तासांत कामावर या, असंही दरडावलं होतं. लष्कराच्या हुकुमात हे वाचून आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो.) दोन्ही मजकूर मी शेजारी शेजारी ठेवून छापले. बाईंनी लाल पेनाने दोन खुणा केल्या आणि पुढचे सगळे फोन तो कागद समोर धरूनच घेतले.

म्हणजे प्रश्न एकच उरला: 300 पैकी 151 खासदार सभागृहात पोचतात का?

एका स्क्रीनवर संसदेचं थेट प्रक्षेपण, दुसऱ्यावर तेव्हाचे विरोधी पक्षनेते ली जे-म्युंग यांचं, कुंपण चढता चढता केलेलं. आवारात हेलिकॉप्टर उतरली. सैनिक खिडक्या फोडून आत शिरले, आणि खासदारांचे सहायक दारांमागे टेबल-खुर्च्या रचत, अग्निशामक फवारत त्यांना अडवत होते. त्यांतली बरीच पोरं माझ्याच वयाची दिसत होती, कामही साधारण माझंच: फायली, फोन, टिपणं. सभागृहात खासदार ओरडत होते, लवकर मतदान घ्या. सभापती वू वोन-शिक स्वतः कुंपण ओलांडून आले होते, पण ठराव रीतसर दाखल होईपर्यंत हलेनात. आमच्याकडेही कुणीतरी वैतागून टेबलावर हात आपटला. मला मात्र त्यांचं पटत होतं. ठरावात एक खोट राहिली असती, तर सकाळी तीच पुढे केली गेली असती.

रात्री एक वाजून गेल्यावर, आमच्या अकराच्या सुमारास, मतदान झालं. हजर 190, बाजूने 190. त्यांत यून यांच्याच पक्षाचे 18.

त्यानंतरचे साडेतीन तास वाईट गेले. सैन्य निघालं, पण यून गप्प. घटना म्हणते उठवलंच पाहिजे; किती वेळात, ते म्हणत नाही. मधल्या काळात दुपारच्या सेमीकंडक्टरवरच्या परिसंवादासाठी पाण्याच्या बाटल्या आणि नावाच्या पाट्या मांडायच्या होत्याच. त्या मी मांडल्या. समोरच्या खुर्च्यांवर बसलेले झाडून सगळे फोनमध्ये. अडीचला, सोलच्या पहाटे साडेचारला, मार्शल लॉ उठवल्याची घोषणा आली.

मला वाटलं, शीट बंद करायची. बाई म्हणाल्या, नवी उघड. महाभियोगाला दोन तृतीयांश लागतात, म्हणजे 200, विरोधकांकडे 192. आठ कमी. "18 तर रात्रीच मिळाले की," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली: सैन्य दारात असताना हात वर करणं वेगळं, आणि स्वतःच्या पक्षाची सत्ता घालवणं वेगळं. 7 डिसेंबरच्या मतदानात सत्ताधाऱ्यांपैकी तिघेच आले, आणि ठराव बारगळला. आकडा गाठायला 14 तारीख उजाडली: 204.