‘टार्कस’चा डावा हात : कीथ इमर्सनच्या वादनाच्या अभ्यासाची नोंद

इंग्लिश रॉक कीबोर्डवादक कीथ इमर्सनच्या ‘टार्कस’ या दीर्घ रचनेचा पहिला विभाग, म्हणजे ‘इरप्शन’, याचा डावा हात आता मूळ लयीच्या साधारण दोन तृतीयांश वेगाने न अडखळता वाजू लागला आहे. उजवा हात मी अद्याप त्यावर चढवलेला नाही आणि तसे करण्याची घाईही नाही. माझ्यासारखे जे पेटीवरून कीबोर्डकडे आले त्यांची अडचण सारखीच असते : आपला डावा हात वर्षानुवर्षे भाता चालवत राहिला, त्यामुळे त्याला दमसास कळतो, पण बोटांचे स्वातंत्र्य त्याच्या वाट्याला कधी आलेच नाही. इमर्सनचे सगळे वादन मात्र नेमके त्याच हातावर उभे आहे.

तो हात कुठून आला, हे त्याच्या सुरुवातीच्या वर्षांत दिसते. 1944 मध्ये यॉर्कशरमधील टॉडमॉर्डन येथे जन्मलेला इमर्सन इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील वर्दिंग येथे वाढला. वडील हौशी पियानोवादक होते आणि प्राथमिक धडे त्यांनीच दिले. पुढे शास्त्रीय शिकवणीसोबत त्याला बूगी-वूगी आणि जॅझ यांचा नाद लागला, ज्यांत डावा हात एक आकृती अखंड फिरवत ठेवतो आणि उजवा त्यावर मोकळा खेळतो. 1967 मध्ये स्थापन झालेल्या ‘द नाइस’ या बँडमधून गिटारवादक डेव्ही ओ’लिस्ट पुढच्याच वर्षी बाहेर पडला, आणि गिटारची रिकामी जागा भरण्याचे काम कीबोर्डवर येऊन पडले. हॅमंड या विद्युत ऑर्गनच्या पट्ट्यांत सुरे खुपसणारा इमर्सन सर्वांच्या लक्षात राहिला. माझ्या मते त्या तमाशापेक्षा ही जबाबदारी त्याच्या घडणीत अधिक महत्त्वाची होती.

गायक व बासवादक ग्रेग लेक आणि ड्रमवादक कार्ल पामर यांच्यासह 1970 मध्ये त्याने ‘इमर्सन, लेक अँड पामर’ हा जो त्रयीबँड उभारला, त्यातही स्वतंत्र लीड गिटारवादक नव्हता. ‘टार्कस’ हा त्यांचा दुसरा अल्बम 1971 मध्ये आला आणि त्याची पहिली बाजू, सुमारे वीस मिनिटांची, सात विभागांच्या एकाच रचनेने व्यापली आहे. लेकला ही रचना सुरुवातीला मुळीच रुचली नव्हती आणि बँड तिथेच फुटण्याची वेळ आली होती, हे आज ऐकताना खरे वाटत नाही. ‘इरप्शन’मध्ये डावा हात दहा अर्ध्या मात्रांचे आवर्तन घेऊन फिरतो. मी प्रथम तबल्याच्या ॲपवर झपताल लावून सराव केला. समेवर परत येण्यासाठी तो उपयोगी पडला, पण दोन-तीन-दोन-तीन हे खंड या रचनेला लावू नयेत, कारण पामरचे ड्रम आणि उजव्या हाताचे आघात ती चौकट पाळत नाहीत. आता ठेका बंद करून केवळ मेट्रोनोमवर वाजवतो.

स्वररचनेत आपल्या कानाला एक आधार सापडतो. इथले अनेक स्वरसमूह षड्ज-मध्यम भावाच्या अंतरांनी रचलेले आहेत, म्हणजे सा, म आणि कोमल नी एकावर एक ठेवल्यास जो रंग येतो तसा. त्यात गंधार नसल्यामुळे मेजर-मायनरचा निवाडा होत नाही आणि तोच अस्थिरपणा रचनेला पुढे ढकलत राहतो.

वाद्याच्या बाबतीत एक गोष्ट हॅमंडची नक्कल करणारे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी अवश्य तपासावी. हॅमंड सी-3 वर ‘पर्कशन’चा टणत्कार सर्व पट्ट्या सुटल्यानंतरच्या पहिल्या आघातालाच येतो, स्वर एकमेकांत मिसळून वाजवले की तो नाहीसा होतो. त्यामुळे पेटीवर कमावलेली सलग, जोडून वाजवण्याची सवय इथे सोडावी लागते. मूग सिंथेसायझरचा स्वभाव आणखी वेगळा आहे : त्यातून एका वेळी एकच स्वर निघे, त्यामुळे इमर्सन मूगवर उजव्या हाताने धून वाजवी तेव्हा खालचा स्वरसमूह दुसऱ्या वाद्यावर डाव्या हातालाच सांभाळावा लागे. मी त्यासाठी दोन मजली मांडणी केली असून वरच्या कीबोर्डवरील ध्वनी मुद्दाम एकस्वरी ठेवला आहे.

नंतरच्या कारकिर्दीबद्दल थोडक्यात लिहितो. 1977 चा पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदासह पियानोची रचना, जरूर ऐकावा. 1978 चा ‘लव्ह बीच’ हा बँडचा अल्बम वगळला तरी चालेल. 1993 पासून मज्जातंतूंच्या विकाराने त्याचा उजवा हात अधू होऊ लागला. 2010 मध्ये जपानी संगीतकार ताकाशी योशिमात्सु यांनी केलेले ‘टार्कस’चे वाद्यवृंद-रूपांतर तोक्योमध्ये सादर झाले, आणि डाव्या हाताची ती आकृती वेगवेगळ्या वाद्यांत विभागलेली ऐकली की तिची बांधणी अधिक स्पष्ट होते. मार्च 2016 मध्ये, जपानमधील कार्यक्रम तोंडावर आलेले असताना, इमर्सनने सांता मोनिका येथे आपले जीवन संपवले. हात पूर्वीसारखा चालत नसल्याची चिंता त्याला सतावत होती, असे त्याच्या जवळच्यांनी सांगितले.

पुढील टप्प्यात मी वेग न वाढवता उजव्या हाताचे केवळ आघात, एकाच स्वरावर, डाव्या हातावर बसवणार आहे. ते स्थिर झाल्यावरच त्यांत मूळ स्वर भरेन. ‘स्टोन्स ऑफ इयर्स’ या दुसऱ्या विभागातील ऑर्गन सोलो त्यानंतर.